कोष्टकातून आलेखाकडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातील लेखात मी एवढेच म्हटले होते की, समीकरणाचा आलेख काढताना आपण जे किमतींचे कोष्टक करतो त्यातील प्रत्येक किंमत हा त्या समीकरणाला विचारलेला एक प्रश्न असतो आणि प्रश्न चांगला विचारला तरच उत्तर उपयोगी पडते. त्यावर बरीच पत्रे आली. काही पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत मांडलेली असल्याने ती एकत्र करून उत्तरे देत आहे. आडव्या अक्षावरील चलाला क्ष आणि उभ्या अक्षावरील चलाला य म्हटले आहे.

प्रश्न : बाई, २क्ष + ३य = ६ या समीकरणाचा आलेख काढताना मी क्ष च्या किमती ०, १ आणि २ घेतल्या. माझ्या मैत्रिणीने ०, ३ आणि −३ घेतल्या. आमची कोष्टके अगदी वेगळी आहेत, शिवाय माझ्या कोष्टकात अपूर्णांक आले आणि तिच्या कोष्टकात आले नाहीत. माझे कोष्टक चुकले का? आणि क्ष च्या किमती कोणत्या घ्यायच्या हे ठरवायचे कुणी?

उत्तर : तुझे कोष्टक चुकलेले नाही आणि तुझ्या मैत्रिणीचेही नाही. दोघींची रेषा एकच यायला हवी; ती तशी येत नसेल तरच कुणाची तरी आकडेमोड तपासावी लागेल. क्ष ची किंमत कोणती घ्यायची हे आपण ठरवतो. ती घेतल्यावर य ची किंमत किती असायला हवी हे मात्र समीकरण ठरवते, तिथे आपले काही चालत नाही.

हे असे का, ते समजण्यासाठी आधी आलेख म्हणजे काय ते नीट पाहू. ज्या ज्या बिंदूंचे निर्देशक समीकरणात घातल्यावर दोन्ही बाजू समान होतात, त्या सर्व बिंदूंचा मिळून आलेख होतो. (०, २) हा बिंदू घे. २ गुणिले ०, अधिक ३ गुणिले २, म्हणजे ६. बाजू जुळल्या, तेव्हा बिंदू रेषेवर आहे. आता (१, १) घे. बेरीज ५ येते, म्हणून हा बिंदू रेषेच्या अगदी जवळ असला तरी रेषेवर नाही. बाजू जुळवणारे बिंदू अगणित आहेत आणि आपल्या कोष्टकात त्यांतले तीन-चारच मावतात. कोणते तीन-चार उचलायचे याची मोकळीक असल्यामुळे तुमची कोष्टके वेगळी दिसली.

मोकळीक असली तरी निवड विचार करून करावी. समीकरण य = (६ − २क्ष) ÷ ३ अशा रूपात लिहून घेतले की शेवटी ३ ने भागायचे आहे हे लगेच दिसते. क्ष च्या जागी ३ च्या पटीतील संख्या घेतल्या तर हा भागाकार निःशेष होतो. तुझ्या मैत्रिणीने नेमके हेच केले, मग ते जाणूनबुजून असो वा सहज. दोन्ही कोष्टके शेजारी शेजारी मांडून पाहा.

तुझे कोष्टक
क्ष : ०, १, २
य : २, ४/३, २/३

मैत्रिणीचे कोष्टक
क्ष : −३, ०, ३
य : ४, २, ०

आता ४/३ हा निर्देशक आलेख कागदावर कसा दाखवशील? १ सेंटिमीटर म्हणजे १ एकक असे प्रमाण घेतले आणि प्रत्येक सेंटिमीटरचे दहा बारीक भाग असले, तर १.३३ ही उंची तेराव्या आणि चौदाव्या बारीक रेघेच्या मध्ये कुठेतरी येते. ती जागा अंदाजानेच धरावी लागते. अपूर्णांक गणित म्हणून पूर्णपणे बरोबर आहे. अडचण येते ती पेन्सिलीच्या टोकाला.

याहून मोठी अडचण बिंदू एकमेकांच्या फार जवळ असण्याची आहे आणि तिच्याकडे विद्यार्थ्यांचे क्वचितच लक्ष जाते. समज, दोन बिंदू आडव्या दिशेने १ सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्यांतला एक अचूक बसला आणि दुसरा अर्धा मिलिमीटर वर पडला. या दोन बिंदूंवरून रेषा ओढून ती अचूक बिंदूपासून १० सेंटिमीटर लांब नेली, तर तिथे तीच चूक ५ मिलिमीटरची होते. बिंदू ६ सेंटिमीटर अंतरावर असते, तर तेवढ्याच लांबीवर ती चूक १ मिलिमीटरच्या आतच राहिली असती. म्हणून सरळ रेषेसाठी शक्य तितके दूरचे बिंदू घ्यावेत, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. रेषा निश्चित व्हायला दोन बिंदू पुरतात, तरीही तिसरा घ्यावाच, कारण तो साक्षीदार असतो. पहिल्या दोघांत काही चूक झाली असेल तर तिसरा बिंदू रेषेवर बसत नाही आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

आणखी एक गोष्ट. नेहमी क्ष ची किंमत आधी घ्यावी असा काही नियम नाही. क्ष = य² − ३ असे समीकरण असेल तर य च्या किमती ठरवून क्ष काढणे कितीतरी सोपे जाते. फक्त क्रमित जोडी लिहिताना क्ष पहिल्या स्थानावरच ठेवायला विसरू नकोस.

प्रश्न : माझ्या मुलाने य = ३ − २क्ष चा आलेख काढला आणि तो छपरासारखा आला; डावीकडून चढत जातो आणि मधून उजवीकडे उतरतो. सरळ रेषा यायला हवी हे मलाही ठाऊक आहे. मुलगा मात्र म्हणतो की, कोष्टकात जे आहे तेच त्याने कागदावर मांडले. चूक नेमकी कुठे असेल?

उत्तर : आपण सोबत पाठवलेल्या कोष्टकात क्ष च्या −२, −१, ०, १, २ या किमतींसमोर य च्या किमती −१, १, ३, १, −१ अशा आहेत. मुलगा खरे बोलतो आहे. बिंदू मांडताना त्याची काहीही चूक झालेली नाही. चूक त्याआधी, ऋण किंमत घालताना झाली आहे. क्ष = −२ असताना ३ − २ × (−२) म्हणजे ३ + ४, अर्थात ७ यायला हवे होते. त्याने वजा २ मधले वजा चिन्ह वाटेत सोडले आणि ३ − ४ करून −१ लिहिले. योग्य ओळ ७, ५, ३, १, −१ अशी आहे. ती डावीकडून उजवीकडे वाचत गेले की प्रत्येक पावलाला २ ने कमी होते, आणि ही बरोबरीची घट हीच सरळ रेषेची खूण आहे. त्याच्या ओळीत आधी दोनदा २ ची वाढ आणि मग दोनदा २ ची घट दिसते. आलेख कागद हाती घेण्यापूर्वीच कोष्टकाने धोक्याची सूचना दिलेली होती.

माझ्या वर्गात मी कोष्टकाला दोन ओळींऐवजी तीन ओळी करायला लावते. पहिल्या ओळीत क्ष, शेवटच्या ओळीत य, आणि मधल्या ओळीत किंमत घातलेली राशी कंसासह जशीच्या तशी, उदाहरणार्थ ३ − २(−२). थोडा वेळ जास्त जातो, परंतु ऋण चिन्हांच्या बहुतेक चुका या मधल्या ओळीतच सापडतात. वर्ग असलेल्या समीकरणांत तर कंस अत्यावश्यक आहे, कारण (−३)² म्हणजे ९ आणि कंसाविना −३² म्हणजे −९.

आपल्या मुलाला एक गोष्ट मात्र अवश्य सांगा. त्याने काढलेले छप्पर निरर्थक नाही; ते य = ३ − २|क्ष| या समीकरणाचा, म्हणजे क्ष ऐवजी क्ष चे केवलमूल्य घेतलेल्या समीकरणाचा अचूक आलेख आहे. चिन्ह सोडून देणे आणि केवलमूल्य घेणे या एकाच गोष्टी असल्यामुळे असे झाले. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायला लावलेत तर ऋण चिन्हाने काय बदलते ते त्याच्या कायमचे लक्षात राहील.

प्रश्न : य = क्ष² − ६क्ष + ५ या समीकरणासाठी मी नेहमीप्रमाणे क्ष च्या −२ ते २ या किमती घेतल्या आणि मिळालेले पाच बिंदू पट्टीने जोडले. पुस्तकातील उत्तरात वाडग्यासारखा अन्वस्त आहे, माझ्याकडे मात्र नुसता उतार आला. आकडेमोड दोनदा तपासली, ती बरोबर आहे.

उत्तर : आकडेमोड खरोखरच बरोबर आहे. −२, −१, ०, १, २ या किमतींना २१, १२, ५, ०, −३ अशा किमती येतात. तुमच्या पत्रातील ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दापाशी मात्र मला थांबावेसे वाटते. −२ ते २ ही सवय आहे, ती समीकरणाने मागितलेली नाही. या अन्वस्ताचे वळण क्ष = ३ पाशी आहे आणि तुम्ही त्याच्या अलीकडेच थांबलात, म्हणून तुम्हाला वाडग्याची एकच भिंत दिसली.

वळण कुठे आहे हे कोष्टक करण्यापूर्वीच कळू शकते. क्ष = ० असताना य = ५ येतो हे पाहताक्षणी दिसते. पुन्हा ५ कुठे येईल? त्यासाठी क्ष² − ६क्ष शून्य व्हायला हवे, म्हणजे क्ष = ० किंवा क्ष = ६. अन्वस्त आपल्या अक्षाभोवती सममित असतो, तेव्हा समान उंचीच्या या दोन बिंदूंच्या बरोबर मध्यावर, क्ष = ३ वर, त्याचा शिरोबिंदू असलाच पाहिजे. तिथे य ची किंमत ९ − १८ + ५ = −४ येते. आता ३ मध्यभागी ठेवून दोन्हीकडे तीन-तीन किमती घ्या.

क्ष : ०, १, २, ३, ४, ५, ६
य : ५, ०, −३, −४, −३, ०, ५

ही ओळ डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच आहे. सममिती अशी कोष्टकातच दिसते, आणि ती दिसली की निम्मी आकडेमोड आपोआप तपासली जाते.

आता पट्टीविषयी. दोन बिंदूंमध्ये आलेख सरळ जातो हे तुम्ही गृहीत धरलेत, समीकरणाला विचारले नाही. विचारून पाहा. क्ष = २ आणि क्ष = ३ यांच्या मध्ये २.५ आहे; तिथे य = ६.२५ − १५ + ५, म्हणजे −३.७५ येतो. पट्टीने जोडलेली रेघ त्याच जागी −३.५ वर असते. क्ष = ०.५ वर खरी किंमत २.२५ आहे आणि पट्टीची रेघ २.५ वर आहे. या समीकरणात एकेक एककावर घेतलेल्या कोणत्याही दोन लगतच्या बिंदूंच्या मध्यावर पट्टी बरोबर ०.२५ ने वर राहते. त्यापेक्षा मोठा दोष शिरोबिंदूपाशी होतो. वक्र तिथे अलगद आडवा होऊन वळतो, पट्टीने मात्र टोकदार कोपरा तयार होतो, आणि असा कोपरा या समीकरणात कुठेही नाही. म्हणून वळणाजवळ अर्ध्या-अर्ध्या एककावर एक-दोन बिंदू जास्त घ्यावेत आणि मोकळ्या हाताने, कागद स्वतःच्या सोयीने फिरवून, एका ओघात वक्र काढावा. हात मनगटापासून फिरत असल्यामुळे वक्राची आतली बाजू हाताकडे ठेवली की रेघ सफाईदार येते.

वर्गसमीकरणाचे कोष्टक तपासण्याची एक जुनी रीत आहे आणि ती मला फार प्रिय आहे. तुमच्या कोष्टकाला पुढचे जोडून २१, १२, ५, ०, −३, −४ अशी ओळ घ्या. लगतच्या किमतींतील फरक −९, −७, −५, −३, −१ येतात; या फरकांचे पुन्हा फरक घेतले तर सगळीकडे २ येतात. वर्गसमीकरणात क्ष च्या किमती समान अंतरावर असल्या की हे दुसरे फरक नेहमी समानच असतात. आता समजा, ५ च्या जागी चुकून ७ लिहिले गेले. दुसरे फरक ४, −२, ४, २ असे होतील, आणि −२ ज्या तीन किमतींपासून आला त्यांतली मधली किंमतच चुकलेली आहे हे बोट ठेवून दाखवता येईल. हीच रीत उलट वापरली तर गुणाकार न करता, नुसत्या बेरजा करत कोष्टक पुढे वाढवता येते. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये अर्धज्यांची, म्हणजे वर्तुळातील अर्ध्या जीवांच्या लांबींची, सारणी दिली ती फरकांच्याच रूपात दिली. २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे सुरू होऊन शेवटी २२ आणि ७ वर येणारे ते २४ आकडे आहेत. त्यांची बेरीज करत गेले की एकेक अर्धज्या मिळत जाते आणि शेवटची बेरीज ३४३८, म्हणजे त्या सारणीतील त्रिज्या येते. १८२२ मध्ये चार्ल्स बॅबेज यांनी सारण्या तयार करण्यासाठी ज्या फरकयंत्राची कल्पना मांडली, त्याच्या मुळाशीही फरकांचेच तत्त्व होते.

प्रश्न : क्ष च्या किमती −१, ०, १ घेतल्या तर य = क्ष आणि य = क्ष³ या दोन्ही समीकरणांचे कोष्टक तंतोतंत एकच येते. एक सरळ रेषा आहे आणि दुसरी नाही. मग कोष्टकावर भरवसा ठेवायचा तरी किती?

उत्तर : आपला प्रश्न या सगळ्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. आपण घेतलेल्या तीन किमतींपुरते दोन्ही समीकरणे एकच उत्तर देतात हे खरे आहे. क्ष = २ घेतले तर एकीकडे २ आणि दुसरीकडे ८ येतात, क्ष = १/२ घेतले तर १/२ आणि १/८ येतात, आणि फरक समोर येतो. त्यावरून कुणी म्हणेल की बिंदू वाढवले म्हणजे झाले. तसे होत नाही. क्ष च्या −२, −१, ०, १, २ अशा पाच किमती घ्या आणि

य = क्ष + (क्ष + २)(क्ष + १)क्ष(क्ष − १)(क्ष − २)

हे समीकरण पाहा. या पाचही ठिकाणी गुणाकारातील एक ना एक अवयव शून्य होतो, म्हणून कोष्टक य = क्ष चेच येते; आणि लगेच पुढे क्ष = ३ वर य एकदम १२३ होतो. दहा बिंदू घेतले तरी त्या दहांना फसवणारे समीकरण याच रीतीने रचता येईल.

तेव्हा नुसत्या बिंदूंवरून वक्र ठरत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. बिंदू जोडण्याचा अधिकार आपल्याला समीकरणाच्या रूपातून मिळतो. य = मक्ष + क या रूपात क्ष १ ने वाढला की य नेहमी म नेच बदलतो, मग आपण कुठेही उभे असू; हा बदल सर्वत्र समान असल्यामुळे आलेख सरळच असला पाहिजे, आणि म्हणून तिथे दोन बिंदूंवर पट्टी ठेवणे न्याय्य ठरते. समीकरण दुसऱ्या घाताचे आहे हे माहीत असेल तर वेगवेगळ्या तीन क्ष-किमतींच्या बिंदूंनी ते पूर्ण निश्चित होते, तिसऱ्या घाताचे असेल तर चार बिंदूंनी. आपल्या उदाहरणात तीनच बिंदू होते आणि समीकरण तिसऱ्या घाताचे होते. साक्ष अपुरी होती, इतकेच. घात न पाहता आधी बिंदू मांडायचे आणि मग आकार ओळखायचा, हा क्रम मला उलटा वाटतो. आधी समीकरण वाचावे, आलेख साधारण कसा असेल याचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात रेखाटावा आणि त्या अंदाजाची परीक्षा घेण्यासाठी कोष्टक करावे.

प्रश्न : क्ष = ४ या समीकरणात य नाहीच, त्याचे कोष्टक कसे करायचे? तसेच य = १२/क्ष मध्ये क्ष = ० समोर काय लिहायचे?

उत्तर : क्ष = ४ हे समीकरण य वर कोणतीही अट घालत नाही, म्हणून य ला हवी ती किंमत द्यावी. (४, −२), (४, ०), (४, ३) हे तिन्ही बिंदू त्यात बसतात आणि य-अक्षाला समांतर उभी रेषा मिळते.

दुसऱ्या समीकरणात क्ष = ० समोरची जागा रिकामी ठेवावी आणि तिथे आडवी रेघ मारावी. शून्य लिहू नये, कारण शून्याने भागाकार होत नाही. त्या रिकाम्या जागेकडे चूक म्हणून पाहू नये. या आलेखाविषयीची सर्वांत मोलाची माहिती तीच देते. तिच्या आजूबाजूला काय होते ते पाहा. क्ष = १ वर १२, ०.५ वर २४, ०.१ वर १२०. आणि डावीकडून −१ वर −१२, −०.५ वर −२४, −०.१ वर −१२०. आलेख उजवीकडे वर निघून जातो आणि डावीकडे खाली, म्हणून (−१, −१२) आणि (१, १२) हे बिंदू कधीही जोडायचे नसतात. आलेखाच्या दोन स्वतंत्र शाखा होतात आणि या वक्राला अपास्त म्हणतात. सोयीच्या किमती हव्या असतील तर १२ चे विभाजक, म्हणजे १, २, ३, ४, ६, १२ आणि त्यांच्या ऋण संख्या घ्याव्यात.

प्रश्न : आता मोबाइलवर समीकरण लिहिताच आलेख तयार मिळतो. मग हाताने कोष्टक करण्यात वेळ का घालवायचा?

उत्तर : कारण मोबाइलही बहुधा कोष्टकच करतो. पडद्याच्या रुंदीवर क्ष च्या शेकडो किमती घेऊन तो य काढतो आणि लगतचे बिंदू इवल्याशा सरळ रेघांनी जोडतो. वर सांगितलेल्या चुका त्याच्याकडूनही होऊ शकतात. आलेख काढणाऱ्या काही जुन्या गणकयंत्रांवर य = १२/क्ष सारख्या समीकरणात दोन शाखांना जोडणारी एक उभी रेघ उमटत असे; ती आलेखाचा भाग नव्हती, शून्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू यंत्राने आंधळेपणाने जोडल्याचा तो परिणाम होता. शिवाय प्रमाणाचा प्रश्न राहतोच. क्ष² + य² = २५ हे वर्तुळ दोन्ही अक्षांवर वेगळे प्रमाण असेल तर पडद्यावर लंबगोल दिसते. यंत्राचा आलेख जरूर वापरावा, परंतु (३, ४) आणि (५, ०) असे दोन-तीन बिंदू स्वतः काढून तो तपासण्याची सवय ठेवावी.

प्रश्न : ऋण किमती खरोखरच आवश्यक आहेत का? धन किमतींवरून आलेखाचा आकार कळला की उरलेला भाग सममितीने पुरा करता येत नाही का?

उत्तर : सममिती सिद्ध झाली असेल तर येतो, नुसती दिसली म्हणून येत नाही. याचे एक फार बोलके उदाहरण भूमितीच्या इतिहासात आहे. फ्रेंच गणिती रने देकार्त यांनी १६३७ मध्ये समीकरणांनी वक्र मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हाच त्यांनी हेही सांगितले होते की एका राशीला एकामागून एक वेगवेगळ्या किमती देत गेले की दुसरीच्या तितक्याच किमती मिळतात आणि त्या बिंदूंनी वक्र आखता येतो. आपल्या कोष्टकाचे मूळ तिथे स्पष्ट शब्दांत सापडते. पुढच्याच वर्षी, त्यांचे समकालीन गणिती पिएर द फर्मा यांच्या स्पर्शिका काढण्याच्या रीतीची परीक्षा पाहण्यासाठी, त्यांनी एक वक्र पुढे केला. आजच्या पद्धतीने त्याचे एक रूप क्ष³ + य³ = ३क्षय असे लिहिता येते. पहिल्या चरणात त्याचे सुंदर पान तयार होते, ते त्यांनी बरोबर ओळखले. उरलेल्या तीन चरणांतही तसेच एकेक पान असेल, असे मात्र त्यांनी मानले. त्याच काळातले गणिती रॉबर्व्हाल यांचाही तोच समज झाला आणि त्यांनी या वक्राला जाईच्या फुलाचे नाव दिले. ऋण निर्देशक मोकळेपणाने वापरण्याची रीत तेव्हा रुजलेली नव्हती.

या समीकरणातून य वेगळा काढणे अवघड आहे, म्हणून कोष्टक थोड्या निराळ्या रीतीने करू. य ला क्ष च्या पटीत घेऊ. य = क्ष घातले तर २क्ष³ = ३क्ष² होते, म्हणून आरंभबिंदूखेरीज (३/२, ३/२) हा बिंदू मिळतो; हे पानाचे टोक आहे. य = २क्ष घातले तर ९क्ष³ = ६क्ष², म्हणजे (२/३, ४/३). क्ष आणि य यांची अदलाबदल केली तरी समीकरण तेच राहते, तेव्हा (४/३, २/३) हा बिंदूही वक्रावर आहे. इथली सममिती सिद्ध झालेली आहे आणि ती निःशंकपणे वापरावी. आता ऋण पट घेऊ. य = −२क्ष घातले तर −७क्ष³ = −६क्ष², म्हणून (६/७, −१२/७) हा चौथ्या चरणातील बिंदू मिळतो; वक्र त्या चरणात जातो एवढे खरे. पण त्या चरणात पान असेल तर त्याचे टोक, पहिल्या पानाप्रमाणेच, चरणाच्या बरोबर मधून जाणाऱ्या य = −क्ष या रेषेवर असायला हवे. य = −क्ष घातले की डावी बाजू शून्य होते आणि उजवी −३क्ष² राहते, म्हणून क्ष शून्यच असावा लागतो. त्या संपूर्ण रेषेवर आरंभबिंदूखेरीज वक्राचा एकही बिंदू नाही. तिसऱ्या चरणात तर दोन्ही निर्देशक ऋण असल्याने डावी बाजू ऋण आणि उजवी धन होते, तेव्हा तिथे वक्र मुळीच नाही. दुसऱ्या आणि चौथ्या चरणांत पाकळ्यांऐवजी दोन लांब शाखा आहेत; त्या क्ष + य + १ = ० या रेषेच्या अधिकाधिक जवळ जात राहतात, पण तिला कधी मिळत नाहीत.